तान्ह्या पोळ्याचा प्रमाणित बैल

खेळण्यांमुळे मुलांचा विकास होतो, ही बाब शासनाच्या निदर्शनास आली आणि कोसंबटोल्यातल्या मुलांचं खेळणं बंद पडलं.

तोवर हा विकास परस्पर होत होता. मूल तालुक्यातलं हे साठ-सत्तर घरांचं गाव. एका अंगाला धानाच्या बांध्या, दुसऱ्या अंगाला तलाव आणि उरलेल्या अंगांना जंगल. इथली मुलं सकाळी उठत, आपापला विकास करून घेत आणि भूक लागली की घरी येत. त्यावर कुणाची देखरेख नव्हती, अहवाल तर नव्हताच. एवढा विकास नोंदीशिवाय वाया जातो आहे हे पाहून जिल्ह्याच्या ठिकाणी 'क्रीडनसमृद्ध बालक अभियान' सुरू झालं. अभियानाला एक कक्ष मिळाला, कक्षाला एक पंखा मिळाला आणि पंख्याखाली गुणवंतराव निकुरे यांची विकास निरीक्षक (खेळणी) या पदावर नेमणूक झाली.

अभियानाचा पहिला नियम असा की, यापुढे कोणतेही बालक सार्वजनिक ठिकाणी अप्रमाणित खेळण्याशी खेळणार नाही. प्रमाणित खेळण्यांचा संच गावोगाव पुरवण्यात येणार होता. तूर्त तो निविदेच्या टप्प्यावर होता. तो येईपर्यंत मुलांनी काय करावं, याविषयी परिपत्रकात संदिग्धता नव्हती. 'थांबावे', असा स्पष्ट शब्द होता.

गावात सध्या कोणती खेळणी आहेत याची माहिती भरण्याचं काम अंगणवाडीच्या रंजीताबाईंकडे आलं. बाई प्रामाणिक. त्यांनी एकतीस मुलांची घरं पालथी घातली आणि जे दिसलं ते लिहिलं. 'खेळणे: चिखल. उत्पादक: पाऊस. उपलब्धता: जून ते ऑक्टोबर.' पुढे, 'खेळणे: सायकलचा टायर. मिळण्याचे ठिकाण: उकिरडा. विकसित होणारे कौशल्य: पळणे.' आणि त्याखाली, 'खेळणे: बांधीतला खेकडा. सुरक्षिततेची काळजी कोण घेतो: खेकडा.'

आठवड्याभरात उत्तर आलं. 'आपल्या गावात चिखल मोठ्या प्रमाणावर अप्रमाणित आढळून आला आहे. तो आपल्या स्तरावर आटोक्यात आणावा व केलेल्या कार्यवाहीचे छायाचित्र पाठवावे.'

"आता पावसाले नोटीस देऊ का मी?" रंजीताबाईंनी पदर खोचत विचारलं. पण तेवढ्यात पोळा जवळ आला आणि चिखलाचा विषय मागे पडून बैलाचा विषय पुढे आला.

पोळ्याच्या दिवशी खरे बैल सजतात. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, त्या दिवशी मुलांचे लाकडी बैल. चाकांवर उभा केलेला बैल, गळ्यात घुंगरांसारख्या छोट्या घागरी, शिंगांना रंग, पुढे दोरी. मुलं तो ओढत मारुतीच्या देवळापुढच्या आंब्याच्या तोरणाखाली आणतात, आणि तोरण तुटलं की बैल घेऊन घरोघर जाऊन बोजारा मागतात. कुणी लाडू देतं, कुणी करंजी देतं.

जया मागच्या वर्षी पाच वर्षांची होती आणि तिच्याकडे शेजारच्या कोलूचा जुना बैल होता, उसना. तोरणापासून चार पावलांवर कोलूला आठवलं की बैल आपला आहे. तो घेऊन गेला. जया तोरणाखालून नुसतीच हात हलवत गेली, आणि बोजारा मागायला गेली तेव्हा सोनीबाईनं विचारलं, "बैल कुठी हाय व तुवा?" तिचे आबाजी डोमाजी सुतार त्या दिवशी जेवले नाहीत. पुढच्या तान्ह्या पोळ्याला तोरणाखालून तुझा स्वतःचा बैल जाईल, असा त्यांनी नातीला शब्द दिला होता.

या वर्षी बैल तयार होता. जुन्या मोडक्या दिवाणाच्या पायातून डोमाजींनी तो चार महिने कोरला. नाव हौशा. शिंगं कुसू करून, म्हणजे खाचेत खुंटीसारखी बसवलेली, शेपटीला सुताचा गोंडा, गळ्यात पितळी घागर, आणि वशिंड असं की गावातल्या जित्या बैलांनी मान खाली घालावी.

पोळ्याच्या तीन दिवस आधी गुणवंतराव तपासणीला आले. सोबत फूटपट्टी, भिंग आणि प्लास्टिकची एक नळी. नळी म्हणजे बालकाचा घसा असं समजायचं. तिच्यातून जे जाईल ते बालक गिळेल असंही समजायचं. माणूस स्वभावानं गोड. अंगणात टाकलेल्या खाटेवर ते बसले आणि हौशाला त्यांनी मांडीवर घेतलं.

"शिंगं टोकदार आहेत," ते म्हणाले.

"बैलाले शिंगं राह्यतेच ना जी," जया म्हणाली.

"खऱ्या बैलाला असू देत, बाळ. खरा बैल आमच्या कक्षात येत नाही."

डोमाजींनी शिंगं काढली. मग घागर नळीत टाकली, ती खळकन आरपार गेली. घागर काढली. जयाची आजी भागीरथा चुलीपुढून हे पाहत होती. ती मूठभर भुईमुगाच्या शेंगा घेऊन आली आणि तिनं एकेक शेंग नळीतून सोडली. सगळ्या गेल्या.

"मंग आता शेंगाबी बंद का, साहेब?"

"शेंगा दुसऱ्या खात्याकडे आहेत," गुणवंतरावांनी शांतपणे सांगितलं आणि दोन शेंगा फोडून खाल्ल्या.

शेपटीचा गोंडा सुटू शकतो म्हणून शेपटी गेली. डोळे गुंजेचे होते, गुंज विषारी, म्हणून डोळे गेले. दोरी एका वितीपेक्षा लांब असू नये असा नियम निघाला.

"मंग ओढू कशी?" जयानं विचारलं.

"वाकून ओढायचं. त्यानं पाठीचा विकास होतो."

काढलेलं सगळं जयानं फ्रॉकच्या ओच्यात गोळा केलं. गुणवंतरावांनी समाधानानं प्रपत्राचं दुसरं पान उलटलं. तिथं पहिलाच प्रश्न होता: 'खेळणे कशाची प्रतिकृती आहे?' त्यांनी हौशाला उचलून उजेडात धरलं. शिंग नाही, शेपूट नाही, डोळा नाही. बराच वेळ ते पाहत राहिले.

"हा काही बैल वाटत नाही," ते म्हणाले.

"तुमीनंच तं सारं काढलं जी!" डोमाजी उभेच राहिले.

"मी सुरक्षित केला. ओळख राखणं हे उत्पादकाचं काम आहे. डोमाजी, माझ्या जागी तुम्ही असता तर यावर 'बैल' लिहिलं असतं का? आणि खोटं लिहून मी या लेकराचा विकास कसा करू?" त्यांना खरंच वाईट वाटत होतं. त्यांनी लिहिलं, 'चाके असलेले लाकूड,' आणि तिथंच मोबाइलवरून माहिती वर चढवली.

आता आमच्या भागात लाकूड हा शब्द वर चढला की एकटा राहत नाही. त्याला चाकं असतील तर मुळीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वनरक्षक भूपेश टेप घेऊन डोमाजींच्या अंगणात हजर झाला. पोरगा शेजारच्याच गावचा, त्याच्या लग्नातला पाटही डोमाजींनीच केलेला. त्यामुळे त्याला लाज वाटत होती, आणि लाज वाटत असल्यामुळे तो फार नियमानं वागत होता.

"बाबाजी, वरून मेसेज आला. लाकडाची वाहतूक होऊन राह्यली म्हणे." त्यानं हौशाची लांबी घेतली, रुंदी घेतली. मग खाली बघत विचारलं, "सागवान तं नाई ना हे?"

इथं डोमाजींना 'नाही' म्हणता आलं असतं. भूपेश तेच ऐकायला थांबला होता. त्यानं पेनही तसंच धरलं होतं. पण सुतार माणूस कशाबद्दलही थाप मारील, लाकडाच्या जातीबद्दल मारणार नाही.

"नाई तं का मोहाचा करू?" डोमाजींचा आवाज चढला. "अस्सल सागवान हाय! पाह्य, रेघ पाह्य त्याची. असा सागवान तुया साहेबाच्या खुर्चीले बी नसन!"

भूपेशनं डोळे मिटले आणि लिहिलं.

सागवान म्हटल्यावर वाहतूक परवाना काढणं आलं. अर्जात कुठून कुठे असं विचारलं होतं. रंजीताबाईंनी भरलं: 'डोमाजींच्या घरापासून तोरणापर्यंत, चाळीस पावलं.' वाहनाचा प्रकार: 'बैल स्वतः.' चालक: 'कु. जया, वय सहा.' त्यावर भूपेशनं डोकं खाजवलं, कारण चालक अज्ञान होती. परवान्याला एकवीस दिवस लागणार होते. तान्हा पोळा तीन दिवसांवर होता.

"एक मार्ग हाय," भूपेश दबक्या आवाजात म्हणाला. त्याला मनापासून मदत करायची होती. "चाकं काढून टाका. अन् कुऱ्हाडीनं दोन तुकडे करा. मंग ते सरपण होते. सरपण डोक्यावरून न्याले कोणी अडवत नाई. जया न्याईन ना डोक्यावर."

भागीरथानं फुंकणी खाली ठेवली.

"भूपेश," ती म्हणाली, "तुले पोरगा झाला ना रे मागच्या महिन्यात? त्याचा पाळणाबी सागवानाचाच हाय. तो हलते. मंग ते वाहतूक होय का नाई, तेबी विचारून घेजो साहेबाले."

भूपेश चहा न घेता गेला. त्या संध्याकाळी डोमाजींनी कुऱ्हाड दोनदा हातात घेतली आणि दोनदा ठेवली. जया हौशाला मांडीवर घेऊन ओसरीवर बसली होती. ती रडत नव्हती. तिनं फक्त एवढं विचारलं, "आबाजी, औंदा बी नुसतेच हात हलवत जाऊ का?"

गावात एकट्या हौशाची ही गत नव्हती. एकतीसच्या एकतीस बैल तपासले गेले होते आणि एकतीसच्या एकतीस लाकूड ठरले होते. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी तोरण बांधलं गेलं, मुलं नवे कपडे घालून, कपाळाला गंध लावून आली आणि रिकाम्या हातानं ओळीत उभी राहिली. पोळ्याची गाणी, झडत्या, कुणी म्हणेना. ढोलवाल्यानं एकदा टिपरी मारली आणि ओशाळून थांबला.

तेवढ्यात गुणवंतराव आले, आणि त्यांच्या मागोमाग त्यांच्या मोबाइलवर अभियानाच्या मोठ्या मॅडम आल्या. दुपारी बारापर्यंत 'तान्ह्या पोळ्यानिमित्त प्रमाणित खेळण्यासह आनंदी बालके' या विषयाचं छायाचित्र वर चढवायचं होतं. अ‍ॅप मोठं हुशार होतं, ते बालकांच्या चेहऱ्यावरचं हसू मोजून घ्यायचं. गुणवंतरावांनी पहिला फोटो काढला. अ‍ॅपनं उत्तर दिलं: 'हसू आढळले नाही. खेळणे आढळले नाही. हा कार्यक्रम दुःखद आहे का? होय / नाही.'

"हसा रे पोरांनो," गुणवंतराव म्हणाले. "बाई, हसवा ना यांना."

"कशावर हसवू, साहेब?" रंजीताबाई म्हणाल्या. "गावात प्रमाणित म्हणाल तं काईच उरलं नाई. तुमीच सांगा, नियमात बसते अशी एक तरी वस्तू हाय का इथी?"

ओळीतून जया पुढे आली. तिनं गुणवंतरावांना खालून वर पाहिलं. मग त्यांच्याभोवती एक फेरी मारली, अगदी त्यांनी हौशाभोवती नजर फिरवली होती तशी.

"साहेबाले शिंगं नाई," ती म्हणाली.

रंजीताबाईंच्या ध्यानात आलं. त्यांनी पिशवीतून प्रपत्र काढलं आणि गंभीर चेहऱ्यानं वाचायला घेतलं. "टोकदार भाग?"

"नाई."

"शेपटी?"

"नाई."

"नळीतून जाते का?"

जयानं नळी मागून घेतली आणि साहेबांच्या पोटाला लावून पाहिली. "नाई जात."

लाकडावर लक्ष ठेवायला आलेला भूपेश पुढे झाला. नियमात राहून गावाच्या बाजूनं काही करायची संधी त्याला तीन दिवसांनी मिळत होती. "चाकं नाईत. अन् सागवान...?" त्यानं डोमाजींकडे पाहिलं.

डोमाजींनी जवळ येऊन गुणवंतरावांच्या खांद्यावर बोटांनी टकटक केली, कान लावला. "नाई," ते म्हणाले. "सागवान नाई. साधं लाकूड हाय. आतून मऊ निघन."

अख्खं देऊळ हसलं. मुलं नाही, ती अजून पाहत होती. गुणवंतरावांनी घड्याळ पाहिलं, पावणेबारा. मोबाइल पाहिला, मॅडमचे चार मिस्ड कॉल. त्यांनी पँट गुडघ्यापाशी वर ओढली, रुमाल जमिनीवर अंथरला आणि ते हळूच दोन्ही हात टेकून खाली गेले. चिखल अप्रमाणित होता, तरी थंड लागला.

जयानं त्यांच्या कमरेला दोरी बांधली. एका वितीपेक्षा लांब होती, पण कुणी मोजली नाही. मग ती धावत घरी गेली आणि हौशाला घेऊन आली. शिंगं जागेवर, शेपूट जागेवर, गळ्यात घागर.

"अगं, तो अप्रमाणित आहे!" खालून गुणवंतराव ओरडले.

"पोळ्यात एकटा बैल नाई राह्यत जी. जोडी लागते," जया म्हणाली. "अन् मी कुठी खेळून राह्यली त्याच्यासंग? तुमी त्याले ओढा. मी तुमाले ओढतो."

गुणवंतरावांनी ओणव्यानंच परिपत्रक मागवून घेतलं. रंजीताबाईंनी ते त्यांच्या तोंडासमोर धरलं. कोणतेही बालक खेळणार नाही, असंच त्यात होतं. निरीक्षकानं खेळू नये असं कुठंही नव्हतं. भूपेशनंही विचार करून सांगितलं की साहेब ड्युटीवर आहेत, म्हणजे लाकूड सरकारी कामानं चाललंय, परवाना लागत नाही.

मग कशाला कोण थांबतं? तीस पोरं तीस दिशांना पळाली आणि तीस बैल घेऊन परत आली. एका निरीक्षकामागे एकतीस बैल जुंपणं अशक्य होतं, म्हणून पोरांनी आपापल्या बापांना पाहिलं. मुखरू खाली गेला, लच्छू खाली गेला, कोलूचा बाप तर धोतर सावरत आधीच हंबरायला लागला. धानाच्या रोवणीत महिनाभर वाकलेली माणसं ती, त्यांना गुडघ्यावर जायला रुमाल लागला नाही. ढोल वाजला. झडत्यांचा गजर उठला. एका हंबरणाऱ्या निरीक्षकामागे हौशा खडखडत, घागर वाजवत तोरणाखालून गेला, आणि दोरीचं टोक धरून जया पुढे चालली होती, मान अशी ताठ की आबाजींना डोळे पुसायला वळावं लागलं.

"हळू ओढ ना व पोरी," खालचा बैल म्हणाला. "गुडघे सोलून राह्यले माहे."

तालुक्याच्या, मूलच्या शाळेतून बाहेर पडल्यावर तीस वर्षं गुणवंतरावांनी ही भाषा तोंडातून काढली नव्हती.

अ‍ॅपमध्ये हसू मोजायचा काटा दहापर्यंत होता. तो दहाला लागून थरथरत राहिला. 'खेळण्यामुळे कोणाचा विकास झाला?' या रकान्यात गुणवंतरावांनी सवडीनं लिहिलं, 'थोडा माझा.' मग खोडून 'बालकांचा' असं लिहिलं. सोनीबाईनं त्या संध्याकाळी जयाला बोजारा म्हणून दोन करंज्या दिल्या, आणि तिच्या बैलालाही एक दिली. बैलानं ती वहाणा काढून, ओट्यावर बसून खाल्ली.

शासनात एखादी गोष्ट यशस्वी झाली की तिची अंमलबजावणी होते, तशी हिचीही झाली. गुडघे टेकू शकणारा घरातला मोठा माणूस हा सर्व निकषांत बसतो, निविदा लागत नाही आणि प्रत्येक घरी आधीच पुरवलेला आहे, हे मोठ्या मॅडमच्या लक्षात आलं. त्याला प्रमाणित खेळण्याचा दर्जा मिळाला आणि जिल्हाभर पाहणी सुरू झाली. कोसंबटोल्याची पाहणी एका सकाळी उरकली. तिथली खेळणी शेतातून येताच वापरात होती, काही तर फार झिजलेली होती.

मग गुणवंतराव शहरात गेले. फरशी पुसलेल्या, पुस्तकांची कपाटं असलेल्या, वाचायची आवड जपणाऱ्या घरांत. तिथं त्यांचं स्वागत चांगलं झालं. मुलांच्या विकासाबद्दल सगळ्यांनी तळमळीनं मतं मांडली. मुलगा क्लासला होता, मुलगी टॅबवर होती, आणि खेळणं सोफ्यावर बसून असंच काहीतरी हलकंफुलकं वाचत होतं, आता आपण वाचता आहात तसं. गुणवंतरावांनी लांबूनच भिंग लावून पाहिलं. कुठं ओरखडा नाही, गुडघ्याला डाग नाही.

शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी लिहिलं: 'खेळणे उत्तम स्थितीत. अद्याप वापरलेले नाही.'